सिद्धाप्पाची दुसरी पसंती

“परत घे निवडणूक,” सिद्धाप्पाने फर्मान सोडलं.

नात दिपालीने लॅपटॉपचं बटण दाबलं आणि वळसंगच्या ग्रामपंचायतीची वीस वर्षांपूर्वीची निवडणूक चहाला उकळी फुटायच्या आत पार पडली. ना भोंगा, ना मटण.

दिपाली सोलापूरला कॉलेजात होती. जुनी निवडणूक नव्या पद्धतीने घेतली असती तर काय झालं असतं, हा तिचा प्रोजेक्ट. त्यासाठी तिने वस्तीत घरोघर विचारलं होतं : पहिली पसंती कोण, दुसरी कोण? सगळ्यांत कमी मतं पडतील तो बाद. त्याची मतं दुसऱ्या पसंतीला.

खऱ्या निवडणुकीत सिद्धाप्पा आणि त्याचा जिवलग हरिबा, दोघेही उभे राहिले. वस्तीची मतं फुटली, गावातला उदयसिंह निवडून आला. ‘तुज्यामुळं पडलो’ असं एकमेकांना सुनावून दोघे गप्प झाले ते आजतागायत. आगाऊ आणलेलं गुलालाचं पोतं सिद्धाप्पाने मेंढरांच्या पाठीवर खुणा करून संपवत आणलं होतं.

“अज्जा, निवडून आलात की!”

“कुनाच्या जिवावर?”

“हरिबाअज्जा बाद झाले. त्यांची मतं तुम्हाला. त्यांचं स्वतःचंसुद्धा.”

“हरिबानं माजं नाव घेतलं?”

“एका दमात.”

सिद्धाप्पाने पायातल्या वहाणा काढल्या आणि गाभाऱ्यात बघावं तसा तो लॅपटॉपात बघत राहिला.

“आता वॉर्डाची हद्द ओढ्यापलीकडं आणखी पुढं सरकवते. हरिबाअज्जांच्या बाजूची घरं वाढतील.”

या खेपेला सिद्धाप्पा बाद. त्याची मतं हरिबाकडे गेली, तरी हरिबा एका मताने पडला.

“तुमच्या मतांतलं एक वाया गेलं, अज्जा.”

“कुन्या गाढवाचं?”

दिपालीने आजीकडे बघितलं. चुलीपासून केराबाई म्हणाली, “दुसरी पसंती बी मीच, म्हनून कुनी सांगितलं हुतं?”

सिद्धाप्पाने पटका काढला, झटकला, परत बांधला.

“बदल. हरिबा लिही.”

“खरा निकाल नाही बदलणार.”

“ठावं हाय. लिही तू.”

तिने लिहिलं. “उदयसिंहाशी बरोबरी झाली. चिठ्ठी टाकू?”

“नगं,” म्हणत त्याने गुलालाचं पोतं काखेत मारलं आणि तो ओढा उतरून पलीकडे गेला.

हरिबा दारात बसला होता. पोत्याकडे बघून म्हणाला, “कशाचा गुलाल?”

“तू निवडून आलास.”

“कवा?”

“आत्ताच.”

हरिबाने बोटांवर हिशेब केला. “मंजी तू पडलास व्हय रं?”

“पडलो की.”

हरिबाने टोपी काढून कपाळ पुढे केलं. सिद्धाप्पाने पोतं उलटं करून झटकलं. तळाशी उरलेला गुलाल एकाच माणसापुरता होता.