बिनपंख्याचा डबा

भिंगरीने कॉम्प्युटरचे दोन्ही डबे काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि डोळे मिटून एकेकावर तळहात फिरवला. पांढरा गुळगुळीत, गोंडस, वर जाळीची भोकं. काळा म्हणजे ॲल्युमिनियमचा ठोकळाच, पाठीवर कंगव्यासारख्या उभ्या पट्ट्या.

"डबा घेतेयस की नाडी बघतेयस?" दुकानदारकाकांनी विचारलं.

"नाडी नाही काका, ताप."

तिच्यासमोर दोन मदरबोर्डही होते. दोन्ही वहीच्या अर्ध्या पानाएवढे, प्रोसेसर बोर्डावरच पक्का बसवलेला. एक अगदी गरीब गाय: गृहपाठ करा, पत्रं लिहा, कधी तापणार नाही. दुसरा त्याच मापाचा, पण अंगात दम असलेला. बाबांनी गरीब गाय आणायला सांगितली होती. भिंगरीचं बोट दुसऱ्यावर होतं.

"हा पांढऱ्या डब्यात गुदमरेल," काका म्हणाले. "पंखा नसला की आतल्या उष्णतेला बाहेर पडायला धातूचीच वाट. काळाच घे. पण प्रोसेसरची पाठ डब्याच्या ठोकळ्याला नीट टेकायला हवी. कागदाएवढी फटही चालत नाही."

भिंगरीने बाबांच्या कपाटातून उचलून आणलेलं कॅलिपर काढलं, दोनदा उंची मोजली आणि "टेकतंय!" म्हणून असं काही ओरडली की दारातलं गिऱ्हाईक दचकलं.

"सॉरी हं. घरी ओरडता येत नाही, म्हणून इथे उरकून घेतलं."

घरी खरंच ओरडता येत नसे. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, घरातल्या एकुलत्या एका मोठ्या खोलीत बसून, आणि घड्याळाचा आजार त्यांना आधी कानाला कळायचा. त्या घराच्या भिंतींना कान नव्हते. बाबा असताना गरजच नव्हती. हातातून चमचा निसटला तरी आई जीभ चावायची. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बाबांच्या कामात घोंगावायचा, म्हणून तर बिनपंख्याच्या कॉम्प्युटरला त्यांनी होकार दिला होता.

भिंगरीला तो पंखा नकोसा होता तो वेगळ्याच कारणाने. पक्का चुगलखोर! गृहपाठ असला की नुसता गुणगुणायचा, पण तिने स्वतःची ॲनिमेशन फिल्म उघडली की बोंब ठोकायचा.

"पुन्हा जिराफ?" बाबा मान वर न करता म्हणायचे. "बंद कर."

जिराफ लिफ्टमध्ये अडकला होता. फिल्म एका मिनिटाची. सोमवारपर्यंत पाठवली, तर दूरच्या गावातल्या निवासी कलाशाळेच्या निवडीत भिंगरी बसणार होती. बाबा दोनदा नाही म्हणाले होते. "इथे काय कमी आहे?" असं त्यांनी विचारलं की तिला खोलीची लांबीरुंदी सांगावीशी वाटायची.

काळा डबा टेबलावर आला आणि भिंगरीने त्याच दिवशी जिराफ कामाला लावला. कॉम्प्युटर एकेक चित्र रंगवून, सावल्या घालून पक्कं करत होता, आणि हाताच्या अंतरावर बसलेल्या बाबांना पत्ताही नव्हता. तिला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

फार टिकलं नाही ते सुख. बाबा खिडकी लावायला उठले, सहज डब्यावर हात टेकला आणि झटकन उचलला.

"अभ्यास बराच तापलाय," ते म्हणाले.

बस, एवढंच. रागावले असते तर परवडलं असतं. पंखा निदान कॉम्प्युटर बंद केला की तोंड मिटायचा. हा डबा बंद केल्यावरही कितीतरी वेळ गरमच. मग भिंगरी बाबा बाहेर गेले की जिराफ सुरू करू लागली. जिन्यात पावलं वाजली की बंद, आणि वहीने वारा घालायचा.

"अगं, त्याला घेरी आलीय का?" आईने दारातून विचारलं.

"आई, हळू!"

"हळूच बोलतेय. मोठ्याने कसं बोलतात ते विसरलेय मी."

शनिवारी बाबा दिवसभर घरी होते. फिल्मचा बराच भाग बाकी होता आणि त्याला कॉम्प्युटर दिवसभर चालायला हवा होता. हिंमत होईना. भिंगरी बंद कॉम्प्युटरसमोर पुस्तक धरून बसली. पुस्तक सुलटं होतं, एवढंच. एकच पान तासभर उघडं होतं.

बाबा उठले. त्यांच्या हातात झाकणाची काचेची बशी होती, आत धुतलेली इवलाली चाकं. त्यांनी डब्यावर तळहात ठेवला.

"आज थंड का?"

"बंद आहे."

"ते दिसतंय. का, ते विचारतोय."

भिंगरीने पुस्तकाचं पान उलटलं. तासाभरात पहिल्यांदाच.

"पूर्वी ही चाकं दिव्याखाली वाळवायचो," बाबा म्हणाले. "हल्लीचे दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. तू उठून गेलीस की यावर ठेवतो. वारा नाही, धूळ नाही. छान वाळतात." त्यांनी बशी डब्यावर ठेवली. "चालू कर."

"गृहपाठाने एवढं तापत नाही, बाबा." बोलून गेल्यावर तिने ओठ मिटले.

"माहीत आहे. जिराफाने तापतं."

तिने बटण दाबलं.

"बाबा, मधोमध नको ठेवू. पट्ट्या झाकल्या तर जीव घुसमटतो त्याचा."

बाबांनी बशी कडेला सरकवली. खुर्चीत बसले, एक घड्याळ उचललं, कानाशी नेलं. पडद्यावर लिफ्टचं दार हळूहळू रंगू लागलं.

"जाशील तेव्हा हा इथेच ठेवून जा," घड्याळ कानाशी तसंच धरून ते म्हणाले. "तिकडे त्यांचे असतीलच."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

भिंगरीने वळून पाहिलं नाही. डब्यावर हात ठेवला. कोमट लागत होता. एवढं मोजूनमापून निवडलेला, तिचा डबा.

"महिन्यातून एकदा पट्ट्यांमधली धूळ झाडावी लागते," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "नाहीतर ऊब बाहेर येत नाही."

बाबांनी घड्याळ खाली ठेवलं.

"कुठल्या ब्रशने?"