दुसरा पुरवठादार

आपला स्वभाव संशयी नाही, असं ताई स्वतः सांगायची. दुकानदाराच्या वजनकाट्यावर डोळा ठेवणं, आईच्या गोळ्या डबीत मोजून ठेवणं, कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघणं, याला ती सावधपणा म्हणायची. बाकीचे काय म्हणायचे ते तिच्या पाठीमागे म्हणायचे.

वडील जाऊन सहा महिने झाले होते आणि कारखाना तिच्या अंगावर पडला होता. कारखाना म्हणजे तरी काय? पत्र्याची शेड, रबर तापवून दाबणारे दोन प्रेस, चौदा माणसं आणि पाण्याच्या पंपात बसणाऱ्या रबरी रिंगा. दहातल्या आठ रिंगा एकाच पंप कंपनीला जायच्या. ते काम गेलं तर शेडला टाळं लागणार, हे झाडूवाल्या मावशींनाही ठाऊक होतं.

आणि नेमकं त्याच कंपनीचं पत्र आलं. एका मालासाठी एकाच पुरवठादारावर विसंबायचं नाही असा आमचा नियम आहे, तेव्हा पुढच्या वर्षापासून निम्म्या रिंगा दुसरीकडून घेऊ. दुसरा पुरवठादार जवळपासचाच ठरला आहे. सोबत नेहमीचा छापील फॉर्म होता : आमचा अन्य कुठल्याही पुरवठादाराशी काडीचाही संबंध नाही, खाली सही. ताईने तो ओळन् ओळ वाचला, सही ठोकली आणि मग दिवसभर एकच प्रश्न चघळत बसली. हा दुसरा कोण?

त्याच आठवड्यात टाय लावलेला एक विक्रेता येऊन गेला होता. कंपन्या शोधायची साइट. "मॅडम, कोण काय बनवतं, कुठे बनवतं, कधीपासून, मालक कोण, सगळं एका जागी. पंधरा दिवस फुकट बघा." फुकट म्हटल्यावर ताईने त्याला चहासुद्धा पाजला होता.

तिने साइट उघडली. रबरी रिंग, पंपासाठी, तीस किलोमीटरच्या आत. एक्केचाळीस नावं आली. एक चपला बनवणारा निघाला, काही नुसते व्यापारी, काही केव्हाच बंद पडलेले. ताई एकेकाला तांदळातल्या खड्यासारखं बाजूला काढत गेली. शेवटी एकच नाव उरलं. कंपनी आठ महिन्यांची. कामगार एक. मालकाचं नाव दिलेलं नाही. यंत्रं, नोंद नाही. यंत्र नाही आणि रिंगा बनवणार? काय, फुंकर मारून?

मग तिने पत्ता वाचला, आणि परत वाचला. लॉन्ड्रीच्या मागे, दुसरा मजला, डावीकडचं दार. ते दार तिला माहीत होतं. मिस्त्रींच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा तीच सूपचा डबा घेऊन तो जिना चढली होती.

मिस्त्री! बावीस वर्षं या शेडमध्ये काढलेला माणूस. रिंगांचे पोलादी साचे त्यांनी स्वतःच्या हाताने घासून घासून बनवलेले. साच्यांच्या कपाटाच्या दोनच किल्ल्या होत्या, एक वडिलांची आणि एक मिस्त्रींची. यंत्र कशाला लागतंय त्यांना? साचे आहेतच की हाताशी, प्रेस काय कुठेही भाड्याने मिळतो.

"आई, केसाने गळा कापला त्यांनी," ती घरी येऊन म्हणाली.

आई मटार सोलत होती. "कोणी, मिस्त्रींनी? अगं, तुला सायकल शिकवली त्या माणसाने. सरळ विचार ना त्यांना."

"विचारलं की सावध होतील."

"मग होऊ देत की सावध! तुला उत्तर हवंय की चोर हवाय?"

ताईला ते झोंबलं. ती ताट वाढून न घेताच आत निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती डोळ्यांत तेल घालून बसली. एकदा संशयाचा किडा डोक्यात शिरला, की माणूस नुसता खोकला तरी खूण केल्यासारखी वाटते. मिस्त्री फोन आला की शेडबाहेर जात. पूर्वीही जात, प्रेसच्या आवाजात ऐकू येत नसे म्हणून, पण ते आता कोण लक्षात घेतो? ती आत गेली की ते वही मिटत. दोनदा तिच्याकडे बघून काहीतरी बोलायला आले आणि "काही नाही ताई, तेल मागवायला हवं" म्हणून परत फिरले. तेल! ताई मनात म्हणाली, मला शेंड्या लावताय होय?

आणि दर वेळी ती जाऊन साइटवर तेच पान उघडायची. सकाळी, जेवणानंतर, निघताना. नवीन काही नसायचं, तरी उघडायची, दुखरा दात जिभेने चाचपावा तशी.

बाराव्या दिवशी तिने दोन गोष्टी केल्या. साच्यांच्या कपाटाचं कुलूप बदललं. आणि दुपारी चार वाजता पंप कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला मेल लिहिली : तुमचा दुसरा पुरवठादार आमच्याच कारखान्यातला माणूस आहे, त्याच्याकडे यंत्र नाही, तो आमचे साचे वापरणार आहे. पुरावा म्हणून साइटवरचं पान जोडलं. पाठवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना तिने आईसाठी द्राक्षं घेतली.

सकाळी मिस्त्री नेहमीसारखे बाकी कामगारांच्या आधी आले आणि प्रेस तापत ठेवून साच्यांच्या कपाटाकडे गेले. ताई काचेमागून बघत होती. त्यांनी किल्ली घातली. फिरली नाही. बाहेर काढून पुसली, परत घातली. मग कुलपाकडे नीट बघितलं आणि किल्ली मुठीत धरून तसेच उभे राहिले. त्यांनी ओरडावं, निदान विचारावं, अशी ताईची फार इच्छा होती.

ते तिच्या केबिनमध्ये आले आणि खुर्चीवर बसले. असे ते कधी बसत नसत.

"ताई, चौतीस वेळा बघितलंत तुम्ही."

"काय?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. साइटवरून आलेल्या मेल, एकीखाली एक. तुमच्या कंपनीची माहिती अमुक कंपनीने पाहिली. अमुक म्हणजे ताईचाच कारखाना. तारीख, वेळ सगळं. टायवाल्याने हे सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि ताई तेव्हा फुकटच्या आनंदात असेल.

"रोज वाटायचं, आज विचारतील. मी दोनदा समोर येऊन उभाही राहिलो."

"मग सांगायचं होतं!"

"मालकांना शब्द दिला होता. ताईने विचारलं तर सांग, आपणहून नको." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

अक्षर वडिलांचं होतं, आजारपणात तिरकं झालेलं. पंप कंपनी आज ना उद्या दुसरा पुरवठादार आणणार. बाहेरचा घुसला की निम्मं काम गेलं, आणि निम्म्या कामावर चौदा घरं चालत नाहीत. म्हणून दुसरी कंपनी मिस्त्रींच्या नावाने काढली आहे. प्रेस आपला, साचे आपले, माणसं आपली, नाव तेवढं त्यांचं. हे सरळ नाही, मला कळतं. ताईला इतक्यात सांगू नये. त्या फॉर्मवर सही तिला करायची असते, आणि तिला खोटं जमत नाही.

ताईने कागद दोनदा वाचला. आठ महिने. वडील तेव्हा होते. इतकी साधी वजाबाकी तिला करता आली नव्हती. बापाचा राग यावा की रडावं तेही तिला कळेना, आणि तेवढ्यात तिला कालची चार वाजताची मेल आठवली.

"मिस्त्री, मी..."

टेबलावरचा फोन वाजला. खरेदी अधिकारी होता, आवाज अगदी खुशीतला. "तुमच्यासारखे प्रामाणिक लोक आता राहिलेत कुठे? फार आभार. पण नियम तुम्हाला माहीतच आहे. दोन पुरवठादारांत संबंध निघाला की दोन्ही नावं यादीतून जातात. आता तुमच्या हातात असलेला माल तेवढा पाठवा."

ताईने रिसीव्हर जागेवर ठेवला. शेडमध्ये माणसं येऊ लागली होती, कोणीतरी कशावरून तरी जोरात हसत होतं.

"कोणाचा फोन?" मिस्त्रींनी विचारलं.

"चुकीचा नंबर."

मिस्त्रींनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग त्यांनी कपाटाची जुनी किल्ली टेबलावर ठेवली.

"मालक बरोबर सांगायचे," ते म्हणाले. "तुम्हाला नाही जमत, ताई."

आणि ते उठून, तापत ठेवलेला प्रेस बंद करायला गेले.