न्यायाधीश झालेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. 'जुनी' हा शब्द मी स्वतः वापरते. दुसऱ्याने वापरलेला मला खपत नाही. दिवाणी कोर्टाच्या तळमजल्यावर, फुकट सल्ल्याच्या खोलीत माझा मुक्काम. मला अक्षरओळख नाही, पण तीस वर्षे गाऱ्हाणी ऐकली की कायदा लाकडातही मुरतो.

सुताराने मला एका बड्या वकिलासाठी घडवले होते. त्याला मऊ गादीची खुर्ची आवडली आणि मला इथे धाडले. बरेच झाले. तिथे मी नुसते वजन पेलले असते.

इथे वकील न परवडणारे लोक येतात. आमच्या वकीलबाई त्यांचे कागद लावून देतात, अर्ज लिहून देतात. पण कोर्टात ज्याचे त्यानेच बोलायचे असते. म्हणून बाईंनी एक रीत पाडली. तारखेच्या आधी मला भिंतीशी ठेवायचे, रिकामी. मी न्यायाधीश. माणसाने माझ्यापुढे उभे राहून बोलायचे. भलेभले मिशीवाले माझ्यापुढे घामाघूम झाले आहेत.

पुढे चाकांच्या खुर्च्या आल्या. शिपाई म्हणाला, हिचा पाय डुगडुगतो. झाले, मी जिन्याखाली आणि मांडीवर फिनेलच्या बादल्या. गरज सरो, वैद्य मरो!

मग एक इस्त्रीवाली आली. नवरा वारल्यावर थोरल्या दिराने दावा लावला होता, खोली रिकामी कर म्हणून. राहणे तिथेच, इस्त्रीचे टेबलही तिथेच. सासऱ्यांनी खोली तिच्या नवऱ्याच्या नावे करून दिल्याचा कागद होता, पण तोंड उघडत नव्हते. बोलताना ती आधाराला न्यायाधीश झालेल्या चाकाच्या खुर्चीवर हात टेकी, की खुर्ची मागे सरके आणि हिचे शब्दही. बाईंनी मला परत आणवले.

पहिल्या दिवशी तिने थेट लग्नापासून सुरुवात केली.

"मावशी, दीर कसा आहे ते साहेब विचारणार नाहीत," बाई म्हणाल्या. "खोली कोणाची, कागद कुठला, तुम्हाला हवं काय. एवढंच."

"मग शिव्या कधी देऊ?"

"त्या बाहेर, व्हरांड्यात."

चौदा वेळा तिने मला सांगितले. मी जागची हलले नाही.

कोर्टात काय झाले ते बाईंकडून कळले. साहेब म्हणाले, माझ्याकडे बघून बोला. ही त्यांच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होती.

"साहेब, मी खुर्चीलाच सांगते. तिच्याशी बोलताना जीभ अडखळत नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवले आणि सांगा म्हणाले. तिने तीन वाक्ये सांगितली आणि कागद पुढे केला. दोन तारखांनंतर दिराचा दावा फेटाळला गेला.

त्या संध्याकाळी ती आली, माझ्या पायाला पाचर मारली, कडक इस्त्रीचे कापड पाठीवर घातले. बाई म्हणाल्या, आता बसा तरी. ती बसली नाही. म्हणाली, "साहेबांच्या खुर्चीवर कोण बसतं?"

मित्रांनो, डुगडुगणाऱ्याला पाचर मारा, जिन्याखाली टाकू नका. आणि तुमच्यापुढे कोणी चाचरत उभे राहिले, तर त्याचे संपेपर्यंत मागे सरकू नका. मला लाकडाला जमले. तुम्हाला तर देवाने कान दिले आहेत.