हलू नको, रेवा

एक

"हललीस तू!"

"आय डिडन्ट, आजोबा!"

"हललीस. हनुवटी खाली. माझ्याकडं बघ. श्वास धर."

रेवाने श्वास धरला. तिच्या मागे, दाराला पिनांनी लावलेली पांढरी चादर. तिच्या आईने, सुरुचीने, ती मघाशी हॉट प्रेसमधून, गरम पाण्याच्या टाकीजवळच्या कपाटातून, काढली होती, गरम गरम. रेवाचा पासपोर्ट नवा करायचा होता. इथे परदेशात, स्वोर्ड्स गावात, फार्मसीत पाच मिनिटांत फोटो काढून मिळतो, असं सुरुची सकाळी म्हणाली, तेव्हा सुरुचीच्या वडिलांनी, रमेशरावांनी, चहाचा कप खाली ठेवला होता.

"अर्ध्या कराडचे पासपोर्ट फोटो मी काढलेत. आणि माझी नात दुकानात जाणार?"

दोन

हाही हलला. नाकाला दोन कडा.

तीन ते नऊ

खोडले.

आभाळ भरलेलं, खिडकीतून येणारा उजेड पातळ. फ्लॅश मारावा तर चादरीवर सावली पडते, ती चालत नाही. उजेड कमी असला तरी कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, आयएसओ, चारशेच्या वर न्यायची नाही, हा त्यांच्या कराडच्या स्टुडिओतला नियम. चेहऱ्यावर दाणे येतात. मग शटर हळू चालणार आणि हळू शटरला हात स्थिर लागणार. तो तर होताच. कॅमेरा बाजारात मिळतो, हात मिळत नाही, असं ते महागड्या कॅमेऱ्याचं कौतुक सांगणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. स्वतःचा जुना कॅमेरा म्हणूनच तर इथवर आणला होता.

"बाबा, स्टँड देऊ का?"

"पासपोर्टला स्टँड? लोक हसतील."

"इथे कोण बघतंय?"

"मी बघतोय की."

"कॅन आय ब्रीद नाऊ?" रेवाने विचारलं.

दहा

"माझा घेऊन बघा," सुरुची म्हणाली. "तुमचं बटणच जुनं झालंय."

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी घेतलेला तिचा कॅमेरा.

"ही तोफ? फोटो काढायचाय का विमान पाडायचंय?"

पण घेतला. डोळ्याला लावला. चौकटीत रेवा नाचत होती. बटण अर्धं दाबलं, भिंगात काहीतरी घुरघुरलं आणि तिचा चेहरा जागच्या जागी थांबला. खालून कुणीतरी मनगटाला आधार द्यावा तसा. त्यांनी कळ दाबली.

भुवईचा केस न् केस वेगळा आला होता.

"बघ. आता नाही हललीस."

"मस्त आलाय, बाबा," सुरुची म्हणाली आणि लगेच चहा टाकायला आत गेली. फारच लगेच.

अकरा (काढला नाही)

रमेशरावांनी भिंग फिरवून पाहिलं. बाजूला 'स्टॅबिलायझर' लिहिलेली बारीकशी खिट्टी होती. ती खाली सरकवून त्यांनी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला, बटण अर्धं दाबलं. घुरघुर नाही. चादर नाचत राहिली.

खिट्टी वर. चादर थांबली.

खाली. नाचली.

दिवाळीपासून त्यांच्या कपातला चहा बशीत सांडत होता. इथे आल्यावर त्यांनी ते थंडीवर ढकललं होतं.

सुरुची चहा घेऊन दारात थांबली. त्यांनी खिट्टी परत वर केली आणि कॅमेरा तिच्या हाती दिला.

"कॅमेरा चांगलाय गं."

कुठल्याही कॅमेऱ्याबद्दल हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं.

"रेवा."

"येह?"

"तू हलली नव्हतीस."

"आय नो," टॅबवरून मान वर न करता ती म्हणाली. मग तिने मान वर केली. "इट्स ग्रँड, आजोबा." म्हणजे इथल्या भाषेत, चालतंय.

चादर

सुरुचीने पिना काढल्या. रमेशराव घडी घालायला उठले. दोन टोकं त्यांनी धरली, दोन तिने. त्यांच्या हातातून निघालेली बारीक लाट चादरभर पसरत तिच्यापर्यंत आली.

तिने आपल्या बाजूने चादर ताणून धरली. लाट थांबली.