जिवंतांच्या ओळी

येलहंक्याच्या रत्नाबाईंकडे कुळाची वही होती आणि त्या वहीचा एक दंडक होता. जिवंत माणसाची ओळ अर्धविरामावर थांबायची. पूर्णविराम, म्हणजे रत्नाबाईंच्या भाषेत टिंब, मिळायचं ते तेराव्यानंतर. "पुढं काय तरी ल्ह्यायचं उरलंय, म्हणून जागा सोडायची," त्या म्हणायच्या.

वही संगणकावर उतरवायचं काम त्यांच्या भाचीकडे, भव्याकडे आलं. बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत ती माहितीपत्रकं लिहायची. तिथं अर्धविराम वर्ज्य. वाक्य आखूड हवं, टिंब दिलं की काम संपलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. रविवारी सकाळी आत्याकडे बसून सगळं उतरवून झाल्यावर तिनं एका झटक्यात सगळ्या अर्धविरामांचे पूर्णविराम केले.

बाराला फोन आला. जिवंतांच्या यादीतले पहिले, मालोजीकाका गेले. एकला दुसरा, दुसऱ्या ओळीतल्या तानूबाई गेल्या. तिसरी ओळ भव्याच्या वडिलांची, आत्याकडेच राहणाऱ्या जयसिंगरावांची होती.

"सगळ्यांना टिंबं दिलीस काय गं?" रत्नाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

जयसिंगराव समोरच खुर्चीत कॉफी पीत होते. दोनला पाच मिनिटं असताना भव्यानं त्यांच्या ओळीचं टिंब पुसून अर्धविराम दिला. त्यांचा पेला ओठांपाशी जाता जाता थांबला. श्वास चालू होता, अंग ऊन होतं, पण पापणी लवेना.

"टिंब पुसलेल्या ओळीला नुसता अर्धविराम पुरत नाही, आता पुढं लिही," रत्नाबाई म्हणाल्या. "आधीच्याशी जुळणारं लिही. खोटं चालत नाही बघ."

वडिलांविषयी खरं काय लिहायचं? त्यांना काय आवडतं, ते कुणाशी बोलतात, तिला ठाऊक नव्हतं. ती महिन्याकाठी एकदा यायची. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. विचारात तास गेला. एकच गोष्ट तिला पक्की माहीत होती, ती तिनं लिहिली: ‘जयसिंगराव, येलहंक्यात राहतात; लेकीची वाट पाहतात;’

पापणी लवली. जयसिंगरावांनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "गार झाली," म्हणाले आणि दाराकडे बघत बसले. "अक्का, भव्या अजून कशी आली नाही?"

"अप्पा, मी इथंच आहे की!"

त्यांना ऐकू गेलं नाही. रत्नाबाई संगणकाच्या पडद्याकडे बघत होत्या. चौथी ओळ भव्याची होती, टिंबासकट; त्या तासाभरात तिकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. घड्याळात तीन वाजले. भव्यानं अर्धविरामाच्या कळीवर बोट ठेवलं, कळ दबेना.