एका तावाची दोन पानं

लेकीने आग्रह धरला म्हणून बाइंडरबाईने लिहायला घेतलं, आणि घेतलं त्या दिवसापासून तिला त्याचा शीण यायला लागला. उभा जन्म दुसऱ्यांची पुस्तकं शिवण्यात गेला. छापून आलेले ताव दुमडायचे, घड्या एकात एक बसवायच्या, पाठीतून दोरा ओवायचा, खळ लावायची, दाबाखाली ठेवून द्यायचं. आत काय लिहिलंय ते वाचायला ना कुणी सांगितलं, ना कधी सवड झाली. आता बोटं आखडली, सुई हातात ठरेना, आणि लेक म्हणते, आई, तुझी हकीकत लिहून ठेव.

"तू गेल्यावर आम्ही विचारायचं कुणाला?" असं ती म्हणाली होती. हे तिने इतक्या सहज म्हटलं की बाईला वाटलं, आत्ताच जावं की काय, उगाच पोरीचा खोळंबा नको. पण म्हणणं खोटं नव्हतं. लेकीचे दिवस भरत आले होते. स्वतः आई होण्याआधी तिला आपली आजी, म्हणजे बाईची आई, कशी होती ते हवं होतं. त्या आजीचा फोटो नाही, चिठ्ठीचपाटी नाही, साधा चमचासुद्धा मागे राहिलेला नाही. बाई अगदी लहान असताना ती गेली, एवढंच काय ते लेकीला ठाऊक.

बाईजवळ मात्र एक आठवण होती. एकच, पण जन्मभर पुरलेली.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने ती सगळ्यात आधी लिहिली. न्हाऊन झालंय, कानात पाणी गेलंय, आपण भोकाड पसरलंय. कुणीतरी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं, कानाशी तोंड आणून ऊन ऊन फुंकर घातली, आणि फुंकर घालता घालता काहीतरी गुणगुणलं. हातांना खळीचा वास होता. तीच आई.

पुढे पोटासाठी बाइंडिंगच्या कारखान्यात शिरली, तिथे पहिल्याच दिवशी कुणी खळीच्या डब्याचं झाकण उघडलं आणि तो वास आला. देवाने बोट धरून आपल्याला नेमक्या दारात आणून सोडलं, असं तेव्हा तिला वाटलं होतं. नवरा गेला तेव्हा, कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा, ती डोळे मिटून त्या टॉवेलात जाऊन बसायची. नाम घेणाऱ्याला जसं नाम पुरतं, तसा तिला तो वास पुरला.

आता कोणीही शहाणा माणूस आधी सगळं लिहील आणि मग शिवायला घेईल. बाईला ते जमेना. सुटे कागद टेबलावर पसरलेले तिच्याने बघवत नसत. चार ताव भरले की घडी घालून ती ते शिवून टाकायची. बोटं कुरकुरायची, दोरा सुटायचा, तरी शिवायचीच. लहानपणाचा भाग असा एकाच घडीत शिवून झाला होता. पहिल्या पानावर आई, शेवटच्या पानावर आत्या.

दादा, तिचा थोरला भाऊ, दुपारचा चहाला यायचा. सगळी नोकरी बस चालवण्यात गेली, त्यामुळे खुर्चीतही तो समोर रस्ता असल्यासारखा बसे. टेबलावर कापून ठेवलेला पुठ्ठा पाहून तो म्हणाला, "बारके, एवढ्या जाड पुठ्ठ्यात घालण्यासारखं तुझ्या आयुष्यात घडलं तरी काय?"

"तुझ्या आयुष्यापेक्षा जास्त. तू नुसता पुढे बघत बसलास."

तो हसला आणि वाच म्हणाला. तिने पहिलं पान वाचलं. दादा चहा ढवळत होता, तो ढवळतच राहिला. साखर केव्हाच विरली असेल. तिने मधली पानं वाचली, वडिलांची फिरतीची नोकरी, शाळा, घरं बदलली ती. मग शेवटचं पान आलं. त्यावर मोजक्याच ओळी होत्या. आई गेल्यावर आत्याने आम्हाला वाढवलं. ती कडक होती. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

दादाने चमचा बशीत ठेवला.

"बारके, आईने खळीला कधी हात लावला नाही."

तिने पानावरून मान वर केली.

"आत्या धुलाईच्या कारखान्यात कॉलरांना खळ लावायची," तो म्हणाला. "कितीही हात धुतले तरी वास जायचा नाही. वडील तिला चिडवायचे त्यावरून."

"पण आई होती तेव्हा."

"होती. पलीकडच्या खोलीत. छातीचा आजार होता, तुला हात लावायची तिला मनाई होती."

ती चिडली. तूही तेव्हा लहानच होतास, असं म्हणाली. म्हातारपणी तुझ्या डोक्यात सरमिसळ झालीय, आणि माझी आठवण मला तू सांगणार का, असंही म्हणाली. दादाने वाद घातला नाही. तो वाद घालता तर बरं झालं असतं.

"मी बोललोच नसतो," तो म्हणाला. "इतकी वर्षं बोललो का? पण तू लिहून ठेवतेयस. पोरांच्या हातात जाणार ते."

बाईने सुरी घेतली. आईचं हे पहिलं पान कापून टाकावं, लेकीला सांगावं की मला आईचं काहीच आठवत नाही, आणि सुटावं या कटकटीतून. तिने घडी उघडली, पातं शिवणीला लावलं आणि हात थांबला.

तावाचं असं असतं, की तो मधोमध दुमडला की त्याची दोन पानं होतात, एक पुढे जातं, एक मागे. दोरा दोघांच्या मधून गेलेला. पुढचं कापलं की मागचं तेवढ्यापुरतं दिसतं शाबूत, पण त्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. दोन वेळा पुस्तक उघडलं की ते हातात येतं. कारखान्यात नव्या मुलींना ती हेच सांगायची. पहिल्या पानाचं जोडपान शेवटचं, म्हणजे आत्याचं.

तिने सुरी खाली ठेवली.

आत्या घरी यायची ती दिवसभर उभी राहून सुजलेले पाय ओढत. कुणाशी बोलायची नाही. पाणी तापवायची. हे सगळं बाईला आठवत होतं, नेहमीच आठवत होतं, फक्त त्यापुढे टॉवेल कधी आला नव्हता. आणि ती स्वतः? कारखान्यातून येऊन लेकीला न्हाऊ घालताना तीही वसकन अंगावर जायची. मान खाली कर म्हणून चापट मारायची, आणि मग कानात फुंकर घालायची. लेक एखाद दिवशी तिच्याबद्दल लिहायला बसली, तर काय लिहील? कडक होती?

आत्याला जाऊन किती काळ लोटला. एकदाही जवळ जाऊन तिला बस म्हटलं नाही, पाय चेपून दिले नाहीत. आणि देवाने बोट धरून आणलं होतं ते खरंच होतं की. दार कुणाचं, तेवढं वर बघायचं राहून गेलं.

"मग आईचं काय लिहू?" तिने विचारलं. "माझ्याजवळ आता काहीच उरलं नाही, दादा."

दादा खिडकीबाहेर बघत होता.

"ती उंबऱ्याशी बसायची," तो म्हणाला. "आत यायची नाही. दोऱ्याचं रिकामं रीळ होतं एक. ते ती तुझ्याकडे घरंगळत सोडायची. तू परत ढकलायचीस. तेवढंच चालायचं, तिला धाप लागेपर्यंत. आणि मग ते रीळ उकळून काढायचं काम माझ्याकडे. मला इतका राग यायचा तुम्हा दोघींचा. खेळणार तुम्ही आणि चुलीशी मी."

"ती हसायची?"

"तुझं रीळ कपाटाखाली गेलं की हसायची. मग खोकायची. मग मला हाक."

बाईने पेन उचललं. पहिल्या पानावरचा 'आई' हा शब्द एका रेघेने खोडला आणि वर 'आत्या' लिहिलं. शेवटच्या पानावर 'सांगण्यासारखं फारसं नाही' ही ओळ होती, ती तिने खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, माझं चुकलं, पहिलं पान बघ.

मग नवा कोरा ताव घेऊन दुमडला. आखडलेल्या अंगठ्याने घडी दाबली, ती नीट बसली नाही, तेव्हा दादाने हात पुढे करून दाबून दिली. वर तिने लिहिलं, हे मला आठवत नाही, माझ्या भावाला आठवतं.

"आता पुन्हा सांग," ती म्हणाली. "उंबऱ्यापासून. आणि हळू सांग, हाताला वेळ लागतो."