न वाचलेल्या साठ ओळी

सभागृहात सातशे खुर्च्या होत्या आणि माणसं हजाराच्या वर. जिन्यात, खिडक्यांच्या कठड्यांवर, पार मंचाच्या कडेपर्यंत लोक दाटीवाटीने उभे होते. मंचावर एक पोस्टमन माईकसमोर तोंड उघडून "आऽऽऽ" म्हणत होता. दहा सेकंद झाली आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर आकडा उमटला : २१२.

"काका, प्रयोगशाळेचा कागद आणलाय ना? वाचा मोठ्याने," आवाजावरून साखर सांगणारं अ‍ॅप काढणारे सर म्हणाले.

पोस्टमनने घडी उलगडली. "साखर... दोनशे चौदा!"

टाळ्यांनी छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. माझ्या शेजारी बसलेला दादा तर उभाच राहिला. सरांनी हात वर करून शांतता मागितली.

"रक्त काढायचं, सुई टोचायची, हे रानटी युग संपलं. तुमच्या स्वरयंत्रात अब्जावधी पेशींची साक्ष असते. त्या साक्षीचं क्वांटम कंपन आमचा नादमापक टिपतो. रक्त खोटं बोलेल, नाद खोटं बोलत नाही!"

क्वांटम हा शब्द सरांच्या तोंडी कोथिंबिरीसारखा होता, कशावरही भुरभुरायचा. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही टाळ्या वाजवल्या.

माझी ओळख एवढीच, की मी एका छापखान्यात संगणकावर मजकूर जुळवते आणि उरलेल्या वेळात एक चर्चामंच चालवते. नवं सॉफ्टवेअर, विज्ञानाच्या बातम्या, कोणत्या कंपनीने काय लपवलं आणि कोणी कोड खुला केला, यावर तिथे चार हजार माणसं रोज भांडतात. बहुतेक जण टोपणनावांनी. समोर आले तर एकमेकांना चहा पाजतील, पडद्याआड मात्र एकमेकांची सालटी काढतात.

सरांचं 'नादमापक' अ‍ॅप आलं तेव्हा मंचावर तीन महिने रण पेटलं होतं. भांडण अ‍ॅप खरं की खोटं यावर नव्हतंच. ते होतं परवान्यावर! सरांनी आवाज मुद्रित करणारं एक फुकट, खुलं सॉफ्टवेअर उचलून आपल्या अ‍ॅपमध्ये वापरलं होतं. त्याच्या परवान्याची अट अशी, की त्यावर काही रचलंत तर आपलाही कोड जगाला दाखवा. आम्ही मागेच लागलो. सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली. शेवटी एके दिवशी सरांनी सगळा कोड जाहीर केला. चाळीस हजार ओळी!

मंचावर दिवाळी झाली म्हणा ना. "खुल्या सॉफ्टवेअरचा विजय!" असं शीर्षक मीच दिलं. त्यानंतर कोणी शंका काढली की उत्तर तयार असायचं : "कोड खुला आहे. लपवण्यासारखं असतं तर उघडा टाकला असता का?" आणखी उत्तरं होती. "तुम्ही डॉक्टर आहात का?" "आधी स्वतः काही बनवून दाखवा." आणि सगळ्यांचं आवडतं, "मोठ्या शोधांना आधी असंच हसतात."

दादा या टोळीचा म्होरक्या. माझा सख्खा भाऊ, गोदामात क्रेन चालवतो. अकरा वर्षं मधुमेह. नादमापक घेतला तेव्हा त्याची साखर दोनशे साठ होती. रोज सकाळी फोनसमोर "आ" म्हणायचं आणि अ‍ॅपने सांगितलेली 'नादसाधना' करायची. आकडा रोज थोडा थोडा उतरत गेला आणि अडीच महिन्यांत एकशे चारवर आला. दादाने त्याचा आलेख मंचावर टाकला, त्याला सहाशे जणांनी वाहवा दिली.

सभेनंतर तीन दिवसांनी वहिनीचा फोन आला.

"तुमच्या दादांनी गोळ्या बंद केल्यात. दीड महिना झाला. मला आज कळलं, डबी तशीच भरलेली. आणि पायाला जखम झालीय, बुटाने घासून. बरीच होत नाहीये. वास येतोय हो."

मी तशीच गेले. दादा पाय झाकून बसला होता.

"दादा, दवाखान्यात चल."

"कशाला? आज एकशे दोन आहे." त्याने फोन पुढे केला.

वहिनीने शेजारच्या परिचारिकेकडून रक्त तपासायचं यंत्र आणलं होतं. मोठ्या मिनतवारीने त्याने बोट पुढे केलं. आकडा आला तीनशे अठ्ठेचाळीस.

"यंत्र बिघडलंय," दादा म्हणाला.

"आणि तुझा फोन नाही बिघडत?"

"अगं, यंत्राच्या आत काय आहे कोणाला ठाऊक? नादमापकाच्या आत काय आहे ते साऱ्या जगासमोर आहे. तूच लिहिलं होतंस, विजय म्हणून!" मग त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "खरं सांग, तू वाचलास तो कोड?"

मी वाचला नव्हता. चार हजार जणांतल्या कोणीच वाचला नव्हता. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याने वाचला असेल.

दादा काही दवाखान्यात आला नाही. दुसऱ्या दिवशी छापखान्यात मी हे सगळं मात्राकाकांना सांगितलं. मात्राकाका म्हणजे आमचे मुद्रितशोधक. सुटलेली मात्रा त्यांच्या नजरेतून निसटल्याचं कोणी पाहिलेलं नाही, म्हणून हे नाव. सात वर्षांपूर्वी घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा आवाज गेला. तेव्हापासून ते चिठ्ठ्यांवर बोलतात, आणि चिठ्ठीतही पूर्णविराम विसरत नाहीत.

त्यांनी माझा फोन मागितला, अ‍ॅपमध्ये नवं नाव नोंदवलं. अर्जात एक रकाना होता : 'मागील तपासणीतील साखर (केवळ तुलनेसाठी)'. काकांनी १२० लिहिलं. मग बटण दाबून दहा सेकंद फोनकडे शांतपणे पाहत बसले.

आकडा आला ११८.

काकांनी चिठ्ठी सरकवली : "मी तर काहीच बोललो नाही. नाद कुणाचा मोजला?"

पुन्हा नवं नाव नोंदवलं, या वेळी रकान्यात ५००. आकडा आला ५०३.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही कोड उघडला. चाळीस हजार ओळी म्हटलं की छातीत धडकी भरते, पण त्यातल्या बहुतेक त्या उसन्या सॉफ्टवेअरच्या होत्या, काही रंगांच्या, बटणांच्या, जाहिरातींच्या. साखरेचा आकडा जिथे तयार होत होता ती फाइल फक्त साठ ओळींची निघाली. मी तिचा कागद काढला. मला थोडं प्रोग्रामिंग येतं, काकांना अजिबात नाही. तरी लाल पेन घेऊन ते माझ्या आधी चुकीपाशी पोचले.

तिसऱ्या ओळीत 'आवाज' हा शब्द होता. काकांनी त्याला गोल केला आणि पुढे एकेक ओळ बोटाने तपासत गेले. मग लिहिलं : "हा शब्द पुन्हा कुठेच येत नाही. तळटीप दिलीय, पण मजकुरात तिचा आकडाच नाही. असं कसं?"

असं होतं. आवाज मुद्रित व्हायचा आणि पडून राहायचा. त्याला कोणी हातही लावत नव्हतं. पहिल्या दिवशीचा आकडा म्हणजे तुम्हीच अर्जात लिहिलेला आकडा, त्यात चारपर्यंत कमीजास्त. पुढे रोज दोन वजा. शंभरच्या आसपास आला की तिथेच खालीवर डुलत ठेवायचा. पोस्टमनला दोनशे बारा आलं, कारण सभागृहाच्या दारात त्याने स्वतःच अर्जावर दोनशे चौदा लिहिलं होतं. दादाची साखर उतरत नव्हती, वजाबाकी चालू होती.

एक्केचाळिसाव्या ओळीवर अ‍ॅप लिहिणाऱ्या कुणा नोकराने टीप ठेवली होती : 'सध्या दाखवण्यापुरते आकडे. खरी मोजणी नंतर जोडणे.' ती जोडायची राहूनच गेली होती.

त्या साठ ओळी मी मंचावर टाकल्या, काकांच्या लाल खुणांसकट. तासाभरात दोनशे शिव्या जमल्या. मी परकीय औषध कंपन्यांची हस्तक ठरले. एकाने लिहिलं, "छापखान्यातली बाई आम्हाला विज्ञान शिकवणार!" मी उत्तर दिलं, "मला शिकवू द्या नका देऊ, आकडा बदलून बघा. नवं नाव नोंदवा, मनात येईल तो आकडा लिहा आणि तोंड बंद ठेवा. एका मिनिटाचं काम आहे." शिव्या थोड्या मंदावल्या. पण सरांनी जाहीर आव्हान दिलं : रविवारी सभेत या, सर्वांसमोर सिद्ध करा.

आम्ही गेलो. पुन्हा तीच गर्दी, फक्त या वेळी आमच्याकडे बघून कुजबुजणारी. दारातल्या अर्जात काकांनी पुन्हा १२० लिहिलं आणि ते मंचावर चढले.

"बोला आजोबा, आऽऽऽ," सर म्हणाले.

"त्यांना आवाज नाही," मी खालून ओरडले. "मोजा आता!"

दहा सेकंद निःशब्द गेली. पडद्यावर आकडा आला : ११९.

सभेत चुळबुळ झाली. सर मात्र क्षणभरच अडखळले. "पाहिलंत? मौनालाही नाद असतो! ऋषींना हे ठाऊक होतं, आज यंत्राला ठाऊक झालं!"

आणि काय सांगू, लोकांनी टाळ्या वाजवल्या! कोडगेपणाला अंत असतो, असं मला तोवर वाटत होतं.

"आता आपल्यातलाच एक अनुभवी माणूस येऊ दे," सर म्हणाले. "या बाईंचे सख्खे बंधूच इथे आहेत!"

दादा उठला. लंगडत मंचावर गेला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

मी माझा फोन वर दिला. "दादा, दोन्ही फोन हातात धर. तुझ्या फोनवर तुझं नेहमीचं नाव. माझ्यावर नवं नाव नोंदव आणि मागची साखर चारशे लिही. मग एकदाच 'आ' म्हण. तोंड एक, आवाज एक. आकडे दोन आले तर काय समजायचं ते तूच ठरव."

"ही बुद्धीची दिशाभूल आहे!" सर मध्येच म्हणाले.

"म्हणू द्या ना सर," दादा म्हणाला. "तोंडावर पडेल तीच."

दोन्ही बटणं दाबून तो "आऽऽऽ" म्हणाला.

त्याने डाव्या फोनकडे पाहिलं, मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. शेवटी त्याने माईकमध्ये वाचलं, "यावर एकशे एक. यावर... तीनशे शहाण्णव."

"सर्व्हरवर ताण आलाय," सर घाईने म्हणाले. "इतकी माणसं, इतकी नकारात्मक कंपनं..."

दादा खाली बसला. तिथेच, मंचावर. बूट काढला, मोजा काढला, पट्टी सोडली. पुढच्या रांगेतल्या लोकांनी नाकाला रुमाल लावले.

"मग हे काय आहे सर?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या एकशे एकला हे कसं झालं, तेवढं सांगा."

सरांनी माईक बंद करायची खूण केली. पण पोस्टमन उठून उभा राहिला होता. "मीही गोळ्या बंद केल्यात," तो ओरडला. "उत्तर द्या त्यांना!" मग आणखी एक उठला, मग एक बाई. मागच्या दाराने सर कधी गेले ते कळलंच नाही.

दादाला आम्ही तिथूनच रुग्णालयात नेलं. पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर पाऊल गेलं असतं. शुद्धीवर आल्यावर दादा वहिनीचा हात धरून रडला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हसू नकोस."

"हसत नाहीये. मीही टाळ्या वाजवल्या होत्या."

पुढच्या महिन्यात वकिलाची नोटीस आली : बदनामीकारक मजकूर त्वरित हटवा. मी कळवलं, "मजकूर तुमच्याच अशिलाच्या साठ ओळींचा आहे. त्यातली कोणती ओळ मी चुकीची वाचली ते दाखवा, लगेच काढते." त्यावर उत्तर आलेलं नाही. मजकूर जागच्या जागी आहे आणि तिथेच राहणार. सर आता दुसऱ्या गावात आहेत, नव्या नावाचं अ‍ॅप घेऊन. या खेपेला म्हणे डोळ्याच्या फोटोवरून हृदय तपासतात. चर्चामंचावरचे काही जण अजून मला सांगतात की त्यांचा हेतू चांगला होता. हेतू मला मोजता येत नाही. वजाबाकी मात्र येते.

तेव्हा वाचकहो, एवढंच मागणं आहे. कोणी तुम्हाला म्हणालं, सगळं उघड आहे, तर नमस्कार करून परत फिरू नका. आत जाऊन बघा. सगळं समजायलाच हवं असं नाही. अर्जात खोटा आकडा भरून पाहणं, एकच गोष्ट दोनदा मोजून पाहणं, गप्प राहून पाहणं, याला पदवी लागत नाही. मोठ्या शब्दांना घाबरू नका, आणि "तुम्ही कोण विचारणारे?" या प्रश्नाला तर मुळीच नाही. ज्याच्या शरीराची गोष्ट चालली आहे, तो विचारणारच. आणि उत्तर मिळेपर्यंत गोळ्या बंद करू नका.